सलामीचा सप्ताह : फुटबॉलचे वेळापत्रक आणि सुरतेचा मराठी प्रेक्षक

व्यावसायिक फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर झाले, की चेंडूला पहिली लाथ बसण्यापूर्वीच एक वेगळा सामना सुरू होतो. तो चहाच्या टपरीवर, गाडीच्या डब्यात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत आणि घरोघरच्या बैठकीच्या खोलीत खेळला जातो. पहिल्या आठवड्यात आपला संघ कोणाशी खेळणार, आपल्या मैदानावर की परक्या, दोन सामन्यांत विश्रांती किती, सुट्टीचा दिवस वाट्यास आला की आडवार, या प्रश्नांचा खल करणाऱ्यांत पाच वर्षांपूर्वी शाळेत असलेला मुलगा असतो, तसा निवृत्तिवेतनावर जगणारा गृहस्थही असतो. काहींना ही रिकामटेकड्यांची चर्चा वाटते. आम्हांस मात्र तीत इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा दिसतो.

क्रीडेच्या इतिहासात विजेत्यांची नावे नोंदली जातात, गोल मोजले जातात, चषकांची छायाचित्रे छापली जातात. वेळापत्रकाची नोंद कोणी ठेवीत नाही. हंगाम संपला की तो कागद रद्दीत जातो. परंतु साखळी स्पर्धा नावाची गोष्ट जगात जन्मास आली, ती मुळात वेळापत्रकासाठीच. वेळापत्रक म्हणजे आयोजकांनी प्रेक्षकांना दिलेले वचन होय. ते पाळले गेले तेथे खेळ रुजला. ते लपवले, मोडले किंवा अर्धेच दिले, तेथे चांगले खेळाडू असूनही प्रेक्षक दुरावला. हे विधान पडताळून पाहावे, आणि त्या ओघात सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांचा या वेळापत्रकाशी काय संबंध येतो तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कापड दुकानदाराची कल्पना

ही कथा सुरतेच्या वाचकांस आपलीशी वाटावी, कारण तिचा नायक कापडाचा व्यापारी होता, आणि परगावी येऊन स्थायिक झालेला होता. विल्यम मॅकग्रेगर हा मूळचा स्कॉटलंडचा. १८७० च्या सुमारास तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या उद्योगनगरीत आला, तेथे त्याने कापडाचे दुकान थाटले आणि ॲस्टन व्हिला या स्थानिक फुटबॉल मंडळाच्या कारभारात तो रमला. १८८५ साली इंग्लंडमध्ये खेळाडूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली होती. वेतन द्यावयाचे म्हणजे उत्पन्न हवे, उत्पन्न म्हणजे तिकिटे, आणि तिकिटे म्हणजे सामना. पण सामन्याचाच भरवसा नसे. मैत्रीचा सामना ठरावा आणि प्रतिपक्षाचा चषकाचा सामना त्याच दिवशी निघाल्याने तो आयत्या वेळी रद्द व्हावा, हा नित्याचा प्रकार होता. प्रेक्षक दारापर्यंत येऊन परत जात. दुकान कधी उघडे आणि कधी बंद राहील याचा नेम नसेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेत जाते, हे त्या दुकानदारास सांगावे लागले नसणार.

२ मार्च १८८८ रोजी मॅकग्रेगरने आपल्या मंडळासह पाच मंडळांना पत्र पाठवले. प्रत्येक हंगामात ठरावीक मंडळांनी एकमेकांशी आपापल्या मैदानावर एकदा व परक्या मैदानावर एकदा खेळावे आणि या तारखा आधीच ठरवून त्या मोडू नयेत, असा त्याचा प्रस्ताव होता. इंग्लंडमधील काउंटी क्रिकेटच्या ठरीव सामन्यांचा नमुना त्याच्या डोळ्यांपुढे होता. एप्रिलमध्ये बारा मंडळांची 'फुटबॉल लीग' स्थापन झाली आणि ८ सप्टेंबर १८८८ रोजी, शनिवारी, जगातील पहिल्या व्यावसायिक फुटबॉल साखळीचा पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी पाच सामने झाले. दोन मंडळे पहिल्या दिवशी खेळलीच नाहीत. प्रेस्टनने बर्नलीस ५-२ असे हरवले, तर मॅकग्रेगरच्या ॲस्टन व्हिलाने वुल्व्हरहॅम्प्टनशी १-१ अशी बरोबरी केली. पुढे प्रेस्टनने संपूर्ण हंगाम एकही सामना न गमावता जिंकला.

शनिवारच का, याचे उत्तर गिरणीत आहे. इंग्लंडमधील १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील कामगारांना शनिवारी दुपारी दोन वाजता सुट्टी मिळू लागली होती. गिरणीचा भोंगा आणि सामन्याची शिट्टी यांचे गणित जमले, तेव्हाच फुटबॉल हा श्रमिकांचा खेळ झाला. जी सुट्टी माणसास मिळतच नाही, त्या दिवशी ठेवलेला सामना त्याच्यासाठी नसतोच. हे सूत्र पुढेही उपयोगी पडेल.

लपवलेले वेळापत्रक

वेळापत्रकाचे मोल किती, हे इंग्लंडमधील १९३६ च्या एका विलक्षण प्रकरणाने दाखवून दिले. सामन्यांच्या निकालांवर अंदाज लावून बक्षिसे जिंकण्याचा 'पूल्स' नावाचा धंदा तेथे फोफावला होता. सामन्यांची यादी छापलेली कुपने घरोघर जात आणि लक्षावधी लोक ती भरत. हा जुगार लीगच्या चालकांना मान्य नव्हता. चार्ल्स सटक्लिफ या लँकशायरमधील वकिलाच्या प्रभावाखाली त्यांनी युक्ती काढली, ती अशी की वेळापत्रकच रद्द करावयाचे आणि कोण कोणाशी खेळणार हे अगदी आयत्या वेळी सांगावयाचे; म्हणजे कुपने छापताच येणार नाहीत. गंमत अशी की, लीगची वेळापत्रके वर्षानुवर्षे तयार करणारे गृहस्थ हे सटक्लिफच होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी असे दोन शनिवार हा प्रयोग चालला. मैदाने ओस पडू लागली. मंडळांचे उत्पन्न घटले, कारभारी संतापले आणि लीगला माघार घ्यावी लागली. खेळाडू तेच, मैदाने तीच, तिकिटाचा दरही तोच होता. फक्त 'पुढच्या शनिवारी काय' याची आगाऊ वार्ता प्रेक्षकांपासून काढून घेतली होती. सामन्याआधीचे चार दिवस चर्चेत घालवण्याचा हक्क हिरावल्यावर सामन्याचा दिवसही त्यांना नकोसा झाला. वेळापत्रकावरील गप्पा या खेळाचा उपचार नसून अर्धा खेळ आहेत, याचा याहून सबळ पुरावा शोधावयास नको.

१९५९ साली लिटलवुड्स या पूल्स कंपनीविरुद्धच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने सामन्यांच्या यादीवर लीगचा स्वामित्वहक्क मान्य केला आणि त्यानंतर पूल्सवाल्यांना ती यादी छापण्याबद्दल पैसे मोजावे लागले. पुढे २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने, केवळ श्रम व कौशल्य खर्चून यादी बनवली म्हणून असा हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. ज्या कागदाला आपण रद्दी समजतो त्यावर पन्नासहून अधिक वर्षे कज्जे चालले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कूपरेजचे मैदान आणि सुरतेची गाडी

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि हार्वूड लीग १९०२ साली. पहिली बाद फेरीची स्पर्धा, दुसरी साखळी. प्रारंभीची चार दशके रोव्हर्सवर गोऱ्या लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या भारतीय नागरी संघाने तो चषक प्रथम जिंकला. स्वातंत्र्योत्तर काळात टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया आणि निरनिराळ्या बँका यांचे संघ मुंबईत नावारूपास आले. खेळाडूस नोकरी आणि नोकरीबरोबर खेळ, अशी ती व्यवस्था होती.

सुरतेहून मुंबई सेंट्रल २६३ किलोमीटर. १९६० पूर्वी सुरत व मुंबई एकाच राज्यात होत्या, आणि येथील कित्येक मराठी घरांत एक भाऊ सुरतेस तर दुसरा गिरगावात, परळला किंवा दादरला असा संसार होता. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत भावाकडे गेलेला माणूस कूपरेजवर सामना पाहून येई आणि महिनाभर त्याची वर्णने चालत. सामने दिवसाउजेडी, दुपार कलल्यावर होत. सुरतेस परतणारी फ्लाइंग राणी सायंकाळी सहाच्या सुमारास मुंबई सोडी. सामना अखेरपर्यंत पाहावयाचा तर ही गाडी चुकणार, आणि गाडी धरावयाची तर शेवटची वीस मिनिटे सोडावी लागणार. म्हणजे सुरतेच्या प्रेक्षकास दोन वेळापत्रके जुळवावी लागत, एक फुटबॉलचे आणि दुसरे रेल्वेचे. मुक्कामाची सोय असलेला सामन्याचा शेवट पाही. नसलेला, निकाल दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात वाची.

बाद फेरीच्या स्पर्धेत आणखी एक अडचण असे. पहिला सामना निश्चित, पुढचा मात्र निकालावर अवलंबून. आवडता संघ उपांत्य फेरीत येईल असे समजून रजा टाकावी आणि तो आधीच गारद व्हावा! साखळी स्पर्धेत हा धोका नसतो. हरलेला संघही पुढच्या रविवारी खेळतोच. दूरच्या प्रेक्षकास साखळी सोयीची, ती याच कारणाने.

राष्ट्रीय साखळीची अर्धी तारीख

भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली, ती १९९६ च्या डिसेंबरात. बारा संघ होते, परंतु त्यांची विभागणी दोन गटांत केली होती. प्रत्येक गटातील चार संघ पुढे जाणार आणि मग त्या आठांची विजेतेपदाची साखळी होणार, अशी रचना होती. पंजाबच्या जेसीटीने पहिले विजेतेपद मिळवले, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स दुसरा आला आणि जेसीटीचा बायचुंग भुतिया सर्वाधिक गोल करणारा ठरला. दर्जा उत्तम होता यात शंका नाही. पण डिसेंबरात वेळापत्रक हाती घेणाऱ्या चाहत्यास उत्तरार्धात आपला संघ कोणाशी, कोठे खेळेल हे कळण्याचा मार्ग नव्हता. मॅकग्रेगरने जी अनिश्चितता घालवण्यासाठी साखळी निर्मिली, तीच येथे दुसऱ्या दाराने आत आली.

अकरा हंगामांनंतर २००७ साली या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली. गोव्याच्या धेंपो मंडळाने तिचा पहिला हंगाम चर्चिल ब्रदर्सशी गुणांची बरोबरी असताना गोलफरकाने जिंकला. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला होता. २०१० साली तो बंद झाला. रोव्हर्स चषक तर नव्या शतकाच्या आरंभीच थांबला होता. महाराष्ट्रातील चाहत्याच्या हाती कॅलेंडर होते, पण त्यावर खूण करावी असे फारसे उरले नव्हते.

१२ ते १९ ऑक्टोबर २०१४

अशा वेळी २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. आठ शहरांचे वा प्रदेशांचे आठ संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने, १२ ऑक्टोबरला आरंभ आणि २० डिसेंबरला अंतिम सामना, असा आखीव कार्यक्रम हंगामापूर्वीच प्रसिद्ध झाला. मुंबई, पुणे आणि गोवा असे तीन संघ मराठी मुलखाशी नाते सांगणारे होते. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दारावरील 'कालनिर्णय'वर एकादशी, दूधवाल्याचे खाडे आणि गॅसच्या नोंदी यांच्या शेजारी निळ्या शाईने सामन्यांच्या खुणा झाल्या.

त्या पहिल्या आठ दिवसांचे वेळापत्रक आजही अभ्यासण्याजोगे आहे. रविवार १२ तारखेस कोलकात्यात ॲटलेटिको डी कोलकाता विरुद्ध मुंबई. सोमवारी गुवाहाटीत नॉर्थईस्ट विरुद्ध केरळ. मंगळवारी दिल्ली विरुद्ध पुणे, दिल्लीत. बुधवारी फातोर्ड्यास गोवा विरुद्ध चेन्नई. गुरुवारी पुन्हा गुवाहाटी, नॉर्थईस्ट विरुद्ध कोलकाता. शुक्रवार रिकामा. शनिवार १८ तारखेस नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई विरुद्ध पुणे. रविवारी कोलकाता विरुद्ध दिल्ली, कोलकात्यात.

वरवर पाहता हा रोज एक सामना असा साधा क्रम दिसतो. पण आकडे मांडून पाहिले म्हणजे चाहत्यांच्या वादांना धार का आली ते कळते. आठ दिवसांत कोलकात्याचे तीन सामने, आणि गोवा, केरळ व चेन्नई यांचा प्रत्येकी एकच. नॉर्थईस्टचे दोन्ही सामने घरी, तर पुण्याचे दोन्ही बाहेर. कोणी म्हणे, कोलकात्याचे खेळाडू दमून जातील. दुसरा उत्तर देई, छे, लागोपाठ खेळून त्यांचीच घडी आधी बसेल. फ्रान्सचा निकोलस अनेल्का मुंबईने घेतला होता खरा, परंतु जुन्या बंदीमुळे तो सलामीस खेळू शकत नव्हता. मग मुंबईला पहिलाच सामना परक्या मैदानावर देणे न्याय्य काय, असा एक पक्ष होता. पुण्याकडे त्रेझेगे आणि गोव्याकडे पिरेस, हे दोघेही १९९८ च्या फ्रान्सच्या विश्वविजेत्या चमूतील; गोव्याचे प्रशिक्षक तर साक्षात ब्राझीलचे झिको. तेव्हा गोव्यास आठवड्यात एकदाच पाहावयास मिळावे, याचीही काहींना खंत होती.

सुरतेतील मराठी घरांत या चर्चेस आणखी एक पदर होता. आपला संघ कोणता? ज्यांचे मूळ कोकणात आणि आप्त मुंबईत, ते मुंबईचे. ज्यांचे शिक्षण किंवा सासर-माहेर पुण्याचे, ते पुण्याचे. पण सुरतेच्या मराठी वस्तीत तापीकाठाने, भुसावळ-जळगावच्या रेल्वेमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या जळगाव-धुळ्याचा संघ या यादीत नव्हता, आणि ज्या सुरतेत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या त्या सुरतेचाही नव्हता. गुजरातचेच नाव त्यात नव्हते. आमच्या घरी एका नातवाने विचारले, "आजोबा, यात आपल्या घरचा सामना कोणता?" त्यावर घरातील थोरांची आपसांत जुंपली. एकाने मुंबई म्हटले, दुसऱ्याने पुणे, आणि सुनेने दिवाळीच्या फराळाची आठवण करून दिली. उत्तर मात्र निघाले नाही.

फराळाची आठवण अप्रस्तुत नव्हती. शनिवार १८ तारखेचा मुंबई-पुणे सामना मराठी चाहत्यांस सर्वांत जवळचा. पण मंगळवार २१ रोजी धनत्रयोदशी होती. सुरतेच्या कापडबाजारात दिवाळीपूर्वीचा आठवडा म्हणजे ऐन धांदलीचा. दुकानात, छपाईत, वाहतुकीत नोकरी करणाऱ्यास त्या दिवसांत रजा मागणेही कठीण. शिवाय सामना सायंकाळी सातचा, मैदान नेरूळला. तेथून पश्चिम रेल्वेच्या मार्गावर येऊन रात्रीची गाडी धरणे म्हणजे कसरतच. त्याच आठवड्यात, बुधवार १५ ऑक्टोबर रोजी, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते आणि रविवारी १९ रोजी मतमोजणी. साहजिकच महाराष्ट्रातील नातलगांशी दूरध्वनीवर बोलताना निवडणूक आणि फुटबॉल यांची सरमिसळ होई. सामना अखेर बहुतेकांनी दूरचित्रवाणीवरच पाहिला. मुंबईने पुण्याचा ५-० असा धुव्वा उडवला आणि आंद्रे मोरित्झने या लीगमधील पहिली हॅट्‌ट्रिक नोंदवली. पुणेकर पक्षाने काढलेले समर्थन असे, की दोन्ही सामने परगावी दिल्यावर दुसरे काय होणार! पहिल्या सामन्यात मुंबई कोलकात्याकडून ३-० अशी हरली होती, ती परक्या मैदानावरच, हा दाखला त्यांच्या बाजूचा होता. पुण्याचा बालेवाडीतील पहिला सामना दिवाळीनंतरच झाला.

पुढील इतिहास संमिश्र आहे. २०१६ साली मुंबई संघ अंधेरीच्या मैदानावर आला. अंधेरी पश्चिम रेल्वेच्या मार्गावर असल्याने सुरतेच्या प्रवाशास ते नेरूळहून पुष्कळ सोयीचे. मुंबईने २०२०-२१ मध्ये साखळीतील अग्रस्थान आणि चषक दोन्ही जिंकले, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक मिळवला. पुण्याचा संघ मात्र २०१९ साली बंद पडला. गोव्यात सुपर लीगचा संघ उभा राहिला, त्याच्या प्रवर्तकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर हे होते; तथापि राष्ट्रीय साखळीच्या फेररचनेच्या वादात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या मंडळांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. एका वेळापत्रकावर नाव आले आणि दुसऱ्यावरून गेले. वेळापत्रकातून नाव गेले की चर्चाही जाते. पुण्याच्या संघाचे कट्टर पक्षपाती आज त्याविषयी बोलेनासे झाले आहेत.

सुरतेचे नाव, अहमदाबादचे मैदान

नातवाच्या प्रश्नास निम्मे उत्तर मिळाले ते दहा वर्षांनी. गुजरात राज्य फुटबॉल संघटनेने २०२४ साली गुजरात सुपर लीग आरंभली. सहा संघ होते : अहमदाबाद ॲव्हेंजर्स, कर्णावती नाइट्स, गांधीनगर जायंट्स, वडोदरा वॉरियर्स, सौराष्ट्र स्पार्टन्स आणि सुरत स्ट्रायकर्स. फुटबॉलच्या फ्रँचायझी साखळीच्या वेळापत्रकावर सुरत हे नाव छापले गेले!

आरंभाचा दिवस होता १ मे. हा दिवस आपल्या कुटुंबांस दुहेरी अर्थाचा आहे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. सुरतेतील मराठी माणूस आपल्या घरातून न हलता दुसऱ्या राज्याचा रहिवासी झाला. आमच्यासारख्या ज्यांनी पुढे गुजरात शासनाची सेवा केली, त्यांनी त्या दिवशी सकाळी कचेरीत ध्वजवंदन केले आणि सायंकाळी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमास हजेरी लावली. अशा दिवशी सुरतेचा संघ असलेल्या साखळीचा आरंभ व्हावा, हा योगायोग आम्हांस सुखद वाटला. दुसराही एक योगायोग घडला. लोकसभेसाठी गुजरातेत ७ मे रोजी मतदान होते, म्हणजे स्पर्धेच्या ऐन मध्यावर. परंतु सुरतेच्या जागेवर बिनविरोध निवड झाल्याने त्या मतदारसंघात मतदानच नव्हते. २०१४ साली निवडणूक दुसऱ्या राज्यात होती आणि सामनेही. २०२४ साली राज्य आपले होते, पण सुरतेच्या जागेसाठी मतदान नव्हते, आणि सामनेही शहरात नव्हते.

कारण १ ते १२ मे या काळातील सामने अहमदाबादेत कांकरियाजवळील एकाच मैदानावर ठेवले होते. नव्या स्पर्धेस खर्च, प्रक्षेपण, प्रकाशझोत यांचा विचार करावा लागतो, हे शासकीय कारभारात आयुष्य घालवलेल्या माणसास कळते. पहिल्याच वर्षी सहा शहरांत सहा मैदाने सज्ज करणे सोपे नव्हे. तरीही सुरत ते अहमदाबाद अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. मुंबई २६३, अहमदाबाद २३०. आपण दोहोंच्या मध्ये, आणि दोन्हीकडे रात्रीच्या गाडीचाच प्रश्न. 'सुरत' असे नाव धारण करणाऱ्या संघास सुरतेच्या माणसाने पाहावयाचे ते पुन्हा पडद्यावर. मॅकग्रेगरच्या योजनेत दोन गोष्टी होत्या, ठरलेली तारीख आणि आपले मैदान. पहिली आपल्याला मिळाली, दुसरी राहिली.

कोणी म्हणेल, एवढे काय बिघडते? बिघडते ते असे. आपल्या मैदानावरील सामन्याभोवती एक समाज जमतो. रिक्षावाला, भजीवाला, तिकीट फाडणारा, शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी गृहस्थ, सर्वजण दोन तासांपुरते एका बाजूचे होतात. तेथे कोणाची मातृभाषा गुजराती, कोणाची मराठी, कोणाची उडिया वा हिंदी, हे विचारले जात नाही. सुरत हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनीच मोठे केले आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील तरुण आणि जुन्या शहरातील घरंदाज कुटुंबे एका रांगेत बसतील अशा जागा येथे फार थोड्या आहेत. फुटबॉलचे मैदान अशी जागा होऊ शकते, हे बर्मिंगहॅमसारख्या उद्योगनगरीने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

तारखेविना गेलेला सप्टेंबर

वचन मोडले म्हणजे काय होते, याचा सर्वांत ताजा दाखला २०२५ चा आहे. आदल्या वर्षी इंडियन सुपर लीगचा हंगाम १३ सप्टेंबरला मोहन बागान विरुद्ध मुंबई या सामन्याने सुरू झाला होता. २०२५ च्या जुलैमध्ये मात्र चालक कंपनीने पुढील हंगाम स्थगित ठेवत असल्याचे मंडळांना कळवले. महासंघाशी तिचा २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि नवा करार झाला नव्हता. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. सप्टेंबर आला आणि गेला. पहिला आठवडा उजाडलाच नाही. काही मंडळांनी आपले कामकाज थांबवले, खेळाडूंच्या वेतनाचा प्रश्न उभा राहिला. चाहते नेहमीप्रमाणे एकत्र जमत, पण बोलणार कशावर? प्रतिपक्ष नाही, तारीख नाही, मैदान नाही. १९३६ साली इंग्लंडमध्ये यादी दोन आठवडे लपवली होती; येथे ती मुळात तयारच नव्हती.

६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल आणि चौदाही मंडळे खेळतील, असे जाहीर केले. सामने मात्र एकेरी साखळीचे, म्हणजे एकूण ९१. प्रत्येकास तेरा सामने आल्यावर घरचे आणि बाहेरचे यांची समान वाटणी होणे शक्यच नव्हते. कोणास घरचा एक सामना अधिक मिळणार, कोणास एक कमी. तेव्हा कोणाची चंगळ आणि कोणावर अन्याय, हा वाद घालण्यास चाहते पुन्हा मोकळे झाले. आम्हांस या वादाचा आनंदच वाटला. वाद घालण्याजोगे काही हाती आहे, याचा अर्थ खेळ जिवंत आहे.

मराठी समाजास हे तत्त्व नवे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली आरंभलेली वसंत व्याख्यानमाला टिकली, ती केवळ वक्त्यांच्या विद्वत्तेवर नव्हे. वसंत ऋतूत ती होणार याचा श्रोत्यांस भरवसा होता. आपल्या सुरतेतील मंडळांचे गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि या साहित्य मंडळाच्या बैठका यांचाही अनुभव हाच आहे. कार्यक्रमपत्रिका वेळेवर हाती पडली आणि लिहिल्याप्रमाणे पार पडली, तर दुसऱ्या वर्षी माणसे न बोलावता येतात. दोनदा तारीख बदलली, की तिसऱ्यांदा सतरंज्या रिकाम्या राहतात.

तेव्हा आपल्या घरातील तरुण मुले-मुली पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकावर तासन्‌तास बोलत असतील, तर त्यांस वेळ दवडतात असे म्हणू नये. आपण कोठले, हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांनी कुळ, गाव आणि बोली यांच्या आधारे सोडवला. ही मुले तो वेगळ्या रीतीने सोडवीत आहेत. त्यांस मुंबईच्या संघाविषयी ममत्व आहे, आणि सुरतेचे नाव यादीत दिसले की त्यांचे डोळेही लकाकतात. या दोहोंत त्यांना विरोध वाटत नाही. आपण ज्येष्ठांनी, विशेषतः ज्यांची शहराच्या कारभारात अजून ओळख आणि शब्दाला वजन आहे त्यांनी, एक गोष्ट करावी. सुरतेच्या संघाचे निदान काही सामने सुरतेतच व्हावेत, त्यांच्या तारखा आधी जाहीर व्हाव्यात, आणि त्या येथील कष्टकऱ्यांच्या सुट्टीशी व घरी परतण्याच्या वाहनांशी जुळाव्यात, अशी मागणी संबंधितांकडे सनदशीर मार्गाने आणि सातत्याने करावी. एखाद्या हंगामाच्या वेळापत्रकात पहिल्याच आठवड्यात 'सुरत' हे नाव यजमान म्हणून आणि मैदान म्हणूनही छापून आले, तर नातवाच्या त्या प्रश्नास घरातील कोणीही, वाद न घालता, उत्तर देऊ शकेल.